मदत हवी आहे: जुन्या पेट्रोल गाडीचं मायलेज घटलंय, आधी थर्मोस्टॅट बदलू की ऑक्सिजन सेन्सर?

गाडी २००६ ची, फ्युएल इंजेक्शनवाली. मायलेज लिटरला १५ वरून ११ वर आलंय, टाकी दोनदा फुल करून मोजलं. एअर फिल्टर आणि प्लग नवे टाकले, टायरमधली हवा बरोबर आहे, चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवली, ब्रेक चिकटलेले नाहीत. इंजिन लाइट लागलेला नाही.

नवे प्लगही महिन्याभरात काजळीने काळे झालेत. शिवाय हायवेवर टेम्परेचरचा काटा पाव भागाच्या वर चढत नाही, आणि थंड इंजिन चालू केल्यावर रेडिएटरचा वरचा पाइप मिनिटभरातच कोमट लागतो. म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) उघडाच अडकलाय असं वाटतं. पण ऑक्सिजन सेन्सरचं (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) व्होल्टेजही ०.१ ते ०.९ मध्ये हलायच्या ऐवजी ०.८ ला चिकटून आहे.

गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारा स्कॅनर नाही, फक्त मल्टिमीटर आहे. इंजिन गार राहिल्यामुळेच सेन्सर असा रिच (मिश्रणात पेट्रोल जास्त) दाखवत असेल, की तोही गेलाय? सेन्सर न बदलता हे कसं तपासू?