मदत हवी आहे: भाचीच्या पालकत्वाचे कागद
धाकटी बहीण गेल्या वर्षी गेली, मेहुण्यांचा दोन वर्षं पत्ता नाही. त्यांची नऊ वर्षांची लेक साताऱ्यात माझ्याकडे असते. मला 'माऊ' म्हणते, मावशीतलं अर्धंच!

बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपये मिळतात, अर्ज बाल कल्याण समितीपुढे जातो, एवढं कळलं. पण वडील हयात आहेत की नाहीत हेच ठाऊक नसताना कोणता कागद जोडायचा? पोलिसांतली बेपत्ता असल्याची नोंद चालते का?

बँक तर थेट कोर्टाचा आदेश मागते. १८९० च्या पालकत्व कायद्याखाली अर्ज मी करावा की माझ्या आईने? तिला ऐकू कमी येतं, कोर्टाच्या खेपा झेपायच्या नाहीत. कुणी यातून गेलंय का? पैशांपेक्षा कागदांची घाई आहे, जूनमध्ये शाळा बदलायची आहे.