मनगटावरची गाठ गोळ्यांनी जाते की आपोआप?

गोदाकाठ (परभणी)
वहिनीच्या मनगटावर सुपारीएवढी गाठ आहे, कापूस वेचताना कळ निघते. सोनोग्राफीत गँग्लियन निघालं. सांध्याच्या आवरणातून आलेला घट्ट, चिकट द्रव आहे, कॅन्सर नाही. आता घरोघरचे लोक म्हणायलेत, होमिओपॅथी करा. माझा विरोध आहे. निम्म्याच्या आसपास लोकांची ही गाठ काही न करता विरते. होमिओपॅथीत 30 पोटेन्सी म्हणजे मूळ औषध शंभरात एक भाग असं पातळ करणं, तेही 30 वेळा. 12 व्या वेळेनंतरच मूळ औषधाचा रेणू उरण्याची शक्यता जवळपास संपते. मग त्यांच्यातलं रुटा नावाचं औषध दिलं काय नि सिलिशिया दिलं काय!

सुनंदा (जिंतूर)
दादा, गणित तुमचं बरोबर असेल. पण माझ्या लेकीची गाठ रुटा आणि कॅल्केरिया फ्लोरवरच गेली, परत आली नाही. आधी एका दवाखान्यात नीट न बघताच ऑपरेशनची तारीख दिली होती. होमिओपॅथीच्या मॅडमनी ती काय काम करते, कुठं दुखतं, सगळं विचारलं. त्याला काहीच किंमत नाही का?

फिजिओ_लातूर
किंमत आहेच ताई, आम्ही लोक तिथं कमी पडतो. पण ही गाठ कामानं फुगते, आरामानं बसते. वेचणी संपते, हात निवांत होतो, आणि नेमका तेव्हाच गोळ्यांचा कोर्सही पुरा होतो. श्रेय गोळ्यांना जातं. तळहाताकडच्या गाठींवर 2003 मध्ये ब्रिटनमधून एक अभ्यास आला. काहीच न केलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांची गाठ पाच वर्षांत गेली होती. ऑपरेशन केलेल्यांपैकी 42 टक्क्यांची मात्र परत आली होती.

मानवतकर
म्हणजे ऑपरेशनचीही खात्री नाही! वर हात बांधून बसायचं, रोजंदारी बुडवायची. सुईनं पाणी काढलं तरी गाठ पुन्हा भरते. मग निदान झाल्यावर स्वस्तातल्या गोळ्या घेत वाट बघितली तर बिघडलं काय? मी तरी घरच्यांना आधी गोळ्याच देईन.

गोदाकाठ (परभणी)
वाट बघा ना, पण वाट बघतोय असं म्हणून बघा. 'औषध चालू आहे' म्हटलं की माणूस निर्धास्त होतो. बोटांना मुंग्या येतात, पकड ढिली पडते, तरी पुढची बाटली आणली जाते. तिथं नस दबत असेल तर उशीर महागात पडतो. शिवाय मनगटावरची प्रत्येक गाठ गँग्लियनच असते असं नाही, आणि गोळ्या सुरू करताना सोनोग्राफी किती जण करतात? वहिनीला पट्टा आणलाय, वजन उचलणं बंद केलंय. मुंग्या आल्या तर हाडाच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलंय.

सुनंदा (जिंतूर)
आधी तपासणी, हे पटलं. पण चालू गोळ्या बंद करा असं मी कुणाला सांगणार नाही.

फिजिओ_लातूर
गोदाकाठ, गाठ मनगटाच्या पाठीवर आहे की तळहाताकडे, अंगठ्याच्या बाजूला? तिकडे नाडीची धमनी अगदी लागून असते. कुणालाही चोळू किंवा दाबून फोडू देऊ नका.