फेरेटला अख्खे भक्ष्य द्यावे की कोरडे खाद्य?

गंगापूररोडकर

आमच्या घरी दोन फेरेट (मुंगसासारखे दिसणारे लांबट पाळीव प्राणी) आहेत आणि गेले चौदा महिने मी त्यांना गोठवलेले पांढरे उंदीर व कोंबडीची एक दिवसाची पिल्ले अख्खीच देतो. ओळखीतल्या अनेकांना हे किळसवाणे वाटते, म्हणून माझी बाजू सविस्तर मांडतो.

फेरेट हा निव्वळ मांसाहारी प्राणी आहे. त्याचे आतडे आखूड असते, अंधनाल (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) मुळीच नसते आणि खाल्लेले अन्न साधारण ३ ते ४ तासांत शरीराबाहेर पडते, त्यामुळे धान्य किंवा डाळ पचवायला त्या आतड्याला वेळच मिळत नाही. अख्ख्या उंदरातून मात्र स्नायूंची प्रथिने, यकृतातले अ जीवनसत्त्व, हृदयातले टॉरिन हे पोषकद्रव्य आणि हाडांतले कॅल्शियम ही सगळी योग्य प्रमाणात एकत्र मिळतात. नुसते बोनलेस चिकन घालणाऱ्यांच्या प्राण्यांना फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी मिळते, आणि काही महिन्यांत हाडे ठिसूळ होऊ लागतात.

उंदीर मी रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात झाकणाच्या डब्यात ठेवतो आणि सकाळी पिशवीसकट कोमट पाण्यात बुडवतो. मायक्रोवेव्ह कधीच वापरत नाही, कारण शिजलेल्या हाडाच्या टोकदार चिपा निघतात. जिवंत उंदीर पिंजऱ्यात सोडण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. तो उंदरावर अन्याय आहे, शिवाय कोपऱ्यात सापडलेला उंदीर फेरेटला कडकडून चावतो.

पंचवटीकर

पोषणाबद्दल आपण लिहिलेले मला मान्य आहे. माझा आक्षेप पिल्लांवर आहे आणि तो गंभीर आहे.

भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला झाला, म्हणजे आपल्याच नाशिक विभागात. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रातील तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूने दगावले आणि संशय त्यांना दिलेल्या कोंबडीच्या मांसावर घेतला गेला. वाघाची ही गत असेल, तर फेरेटचा विचार अधिकच काळजीने करायला हवा, कारण इन्फ्लुएंझा त्याला फार सहज होतो. १९३३ मध्ये लंडनच्या संशोधकांना माणसाच्या फ्लूचा विषाणू सापडला, तो रुग्णांच्या घशातील द्रव फेरेटच्या नाकात सोडल्यानंतरच. आपल्याला फ्लू झाला तर तो त्याला होतो आणि त्याचा आपल्यालाही होऊ शकतो.

गोठवल्याने हा विषाणू मरत नाही, उलट थंडीत तो अधिक काळ टिकतो. साल्मोनेला या जिवाणूचेही तेच, तोही गोठवल्याने मरत नाही. ज्या ओट्यावर पोळ्या लाटल्या जातात तिथेच पिल्लू हाताळले जात असेल आणि घरात लहान मूल किंवा वृद्ध माणूस असेल, तर हा धोका फेरेटपुरता उरत नाही. मी मांसावर आधारित, किमान ३५ टक्के प्रथिने असलेले कोरडे खाद्य देतो आणि त्यावर उकडलेले अंडे घालतो.

सिडकोवासी

मला एका विक्रेत्याने सांगितले होते की दोन दिवस उपाशी ठेवा, मग फेरेट आपोआप उंदीर खाईल. मी ते ऐकले आणि दुसऱ्या दिवशी आमची मादी लटपटू लागली. डॉक्टरांनी रक्तातली साखर घसरल्याचे सांगितले. फेरेटची अन्नाची आवड पहिल्या सहा महिन्यांतच पक्की होते. मोठ्या फेरेटला सवय लावायची असेल तर मांसाचा लगदा जुन्या खाद्यात कणाकणाने मिसळावा लागतो, आणि त्याला कित्येक आठवडे लागतात. घरात सापळ्यात सापडलेला उंदीर तर कुणीही देऊ नये. त्याने ब्रोमॅडिओलोनसारखे विष खाल्लेले असेल, तर तेच फेरेटच्या पोटात जाते.

गंगापूररोडकर

पंचवटीकर, पिल्लांबाबतचे आपले म्हणणे मी स्वीकारतो. आजपासून पक्षी बंद, फक्त घरात पैदास केलेले उंदीर. पण कोरड्या खाद्याकडे मी परतणार नाही. दाणा बांधण्यासाठी त्यात स्टार्च घालावाच लागतो, आणि फेरेटमध्ये स्वादुपिंडाची गाठ, म्हणजे इन्सुलिनोमा, फार आढळते.

पंचवटीकर

त्या गाठीचा स्टार्चशी संबंध अनेक डॉक्टर जोडतात, परंतु तो सिद्ध झालेला नाही. चांगल्या खाद्यात स्टार्च कमीही असतो. उंदरांना माझा पूर्ण विरोध नाही. मात्र वेगळा पाट, वेगळी सुरी आणि साबणाने धुतलेले हात एवढे तरी पाळलेच पाहिजे, आणि हे रोज जमत नसेल त्याने दाणाच द्यावा.

देवळालीकर

यात एक गोष्ट सुटली आहे. फेरेट अन्न लपवतो. एप्रिलच्या उन्हात आमच्या सोफ्यामागे अर्धवट खाल्लेला उंदीर तीन दिवसांनी सापडला, तोही वास सुटल्यावर. तेव्हापासून मी पिंजऱ्यातच वाढते, खाणे संपेपर्यंत बाजूला बसते आणि उरलेला तुकडा तासाभरात उचलते. एवढा वेळ माझ्याकडे रविवारीच असतो, म्हणून उंदीर रविवारी आणि इतर दिवशी कोरडे खाद्य. दाण्याची सवय लहानपणापासून असल्याने आमची फेरेट दोन्ही खाते.