शब्दचर्चा: गार, गारगोटी, सिलिका

गारगोटीकर: चंद्रावरच्या खडकात ४५ टक्के सिलिका असते असं वाचलं. सिलिका म्हणजे गारगोटी ना? मग चंद्र निम्मा गारगोटीचाच म्हणायचा का?

पन्हाळकर: नाही, गफलत इथेच होते. सिलिका हे सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या संयुगाचं नाव, गारगोटी हे खनिजाचं. खडकाचं पृथक्करण मांडताना त्यातलं सगळं सिलिकॉन ऑक्साइडच्या रूपात लिहायची रीत आहे. ४५ टक्के सिलिका म्हणजे सुमारे २१ टक्के सिलिकॉन, बस्स. ते पायरोक्झीन, ऑलिव्हिन, प्लॅजिओक्लेज या सिलिकेट खनिजांत बांधलेलं असतं. लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम, ॲल्युमिनियम यांचा वाटा भागवून सिलिका उरली, तरच गारगोटी धरते. चंद्रावर ती क्वचितच उरते. आपल्या पंचगंगेच्या घाटाचा काळा दगड घ्या: तो बेसाल्ट, सिलिका जवळपास ५० टक्के, पण घडणीतच गारगोटी अशी दिसत नाही.

कळंबेकर: पण सर, विहीर खणताना ह्याच काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरे खडे निघतात. त्यांना सगळे गारच म्हणतात की.

पन्हाळकर: ते मागाहून भरलेलं, ताई. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपलं आणि त्यात विरघळलेलं द्रव्य आत साचलं. त्यात गारगोटी असते, तशी झिओलाइट आणि कॅल्साइट ही खनिजंही असतात. खड्याची ताजी फोड घ्या, तिची कड काचेच्या बाटलीवर दाबून ओढा. मोह्सच्या १ ते १० मापावर गारगोटीचं काठिण्य ७, तिने काच ओरखडते. कॅल्साइटचं ३, त्याने नाही. मग ओल्या बोटाने रेघ पुसायचीच. मऊ खड्याची पूड काचेला चिकटली की तीही ओरखड्यासारखी दिसते, अन् मऊ खडा गारगोटी ठरतो. कॅल्साइटवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब फसफसतो.

चंद्रावरच्या बेसाल्टलाही अशाच पोकळ्या आहेत, पण रिकाम्या. झिरपायला पाणीच नव्हतं.

गारगोटीकर: आणि चंद्राचा उजळ भाग?

पन्हाळकर: तो अनॉर्थोसाइट नावाचा खडक, म्हणजे बहुतांशी प्लॅजिओक्लेज. पांढरट आहे म्हणून त्याला गार म्हणू नका.

कळंबेकर: गुरूच्या युरोपा चंद्राबद्दल लिहितानाही ‘गार’ टाळावा. ‘गारेचं कवच’ वाचून एकाला गारगोटी दिसेल, दुसऱ्याला पावसातली गार. तिथलं कवच पाण्याच्या बर्फाचं आहे, सरळ ‘बर्फ’ लिहावं.

पन्हाळकर: अगदी बरोबर. तुम्ही वाचलेलं वाक्य असं करा, गारगोटीकर: ‘या खडकात सिलिकेट खनिजं मुख्य असून, पृथक्करणात सिलिकेचं प्रमाण ४५ टक्के भरतं.’