मदत हवी आहे: ईआरसीपीची गुणवत्ता मोजताना टक्का कशाचा काढायचा?

युनिटमध्ये ईआरसीपीचा (तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांवर करायचे उपचार) हिशेब नव्याने ठेवतोय. तिमाहीत 62 केसेस झाल्या, 57 मध्ये पित्तनलिकेत तार गेली, म्हणजे जवळपास 92 टक्के. यात स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) बदलायला आलेले 22 रुग्णही आहेत. निकष 90 टक्क्यांचा, मग आम्ही बसतो ना त्यात? आणि दुसऱ्या दिवशी रक्तातलं अमायलेज (स्वादुपिंडाचं पाचक द्रव्य) नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट आलेले सगळे स्वादुपिंडदाहात मोजायचे का?

प्रतिसाद १
नाही बसत. त्या 22 जणांच्या पित्तनलिकेचं आतड्यातलं तोंड (पॅपिला) आधीच कापलेलं असणार, तिथे तार जाण्यात कसोटी नाही. त्यांना वगळा: 40 पैकी 35, म्हणजे 87.5 टक्के. व्हिपल किंवा रू-एन-वाय (आतड्याची रचना बदलणाऱ्या शस्त्रक्रिया) झालेल्यांचा रकानाही वेगळा ठेवा. पहिल्या दिवशी जमलं नाही आणि तीन दिवसांनी जमलं, तर पहिली केस अपयशीच लिहायची. इथेच आकडे सर्वांत जास्त फुगतात. शिवाय जी नळी गाठायची ठरली होती तीच धरा. स्वादुपिंडाच्या नळीसाठी आलेल्या रुग्णात पित्तनलिका मिळाली म्हणून यश होत नाही.

आणि 40 केसेसवर निकाल लावू नका. 35/40 मागे खरा दर 73 ते 96 टक्क्यांत कुठेही असू शकतो. वर्षभराचा आकडा काढा, डॉक्टरनिहाय.

प्रतिसाद २
नुसतं अमायलेज मोजू नका. पोटात नव्याने सुरू झालेलं किंवा वाढलेलं दुखणं, 24 तासांनंतरही अमायलेज किमान तिप्पट आणि त्यापायी दाखल करावं लागणं किंवा मुक्काम लांबणं, हे तिन्ही हवं. दुखत नसेल तर तो स्वादुपिंडदाह नव्हे. उलट संध्याकाळी घरी गेलेला रुग्ण रात्री दुसऱ्याच दवाखान्यात दाखल झाला, तर तुमच्या वहीत तो ठणठणीतच राहतो. म्हणून सातव्या आणि तिसाव्या दिवशी फोन हवाच. कापलेल्या जागेचा रक्तस्रावही काही दिवसांनी होऊ शकतो.

टेबलाशेजारच्या सिस्टरकडे घड्याळ आणि छापील चिठ्ठी द्या: पॅपिलाला स्पर्श किती, मिनिटं किती, तार चुकून स्वादुपिंडाच्या नळीत किती वेळा गेली. 5 हून जास्त स्पर्श, 5 हून जास्त मिनिटं किंवा एकाहून जास्त वेळा चुकीची नळी, यातलं काहीही झालं की केस अवघड. नंतर आठवून लिहिलं की सगळ्याच केसेस सोप्या निघतात.

स्वादुपिंडदाह टाळायला गुदमार्गे इंडोमेथासिन 100 मिग्रॅ दिलं का आणि नसेल तर कारण, हाही रकाना ठेवा. त्याचसाठी स्वादुपिंडाच्या नळीत 5 फ्रेंच (जाडीचं माप) प्रतिबंधक स्टेंट टाकला असेल तर 5 ते 10 दिवसांत एक्स-रे काढायची तारीख त्याच चिठ्ठीवर लिहा. तो आपोआप पडला नसेल तर काढावा लागतो. राहून गेला तर नळीलाच इजा करतो.