नवऱ्याच्या मारहाणीमुळं काम सोडायला लागलं तर बेकारभत्ता मिळतो का?

राजारामपुरीकर_ताई
नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या मावसबहिणीचा आहे, तिला विचारूनच लिहितेय. वय ३१, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला साडेतीन वर्षं झाली, ईएसआय (म्हणजे सरकारी कामगार विमा) आणि पीएफ दोन्ही कट होतं. नवरा पिऊन मारतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं पण कुणी बोललं नाही, त्यात मी पण आलेच. मागल्या महिन्यात त्यानं तिचं डावं मनगट मोडलं. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात प्लास्टर घातलं आणि तिथं तिनं जिन्यावरनं पडले म्हणून सांगितलं, कारण तो शेजारीच उभा होता. आता पोराला घेऊन माझ्याकडं आलीय, पुढं गडहिंग्लजला आईकडं जायचं म्हणतेय. तो रोज शिफ्ट सुटायच्या टायमाला कंपनीच्या गेटवर जाऊन बायकांना विचारत बसतोय कुठं आहे म्हणून. सुपरवायझर फोनवर म्हणाला घरचं घरात मिटवा नाहीतर काम सोडा. तिनं घाबरून व्हॉट्सअॅपवर लिहून टाकलं की मी येऊ शकत नाही. आता सोमवारी येऊन राजीनाम्यावर सही कर म्हणालेत, मग पीएफचं बघू. एवढी वर्षं ईएसआय कापलंय तर काम गेल्यावर काहीतरी मिळत असेल ना? पोरगं सात वर्षाचं आहे आणि हिच्या हातात सध्या नऊशे रुपये आहेत.

शिरोली_एचआर
ताई, पहिलं म्हणजे सोमवारी सही करू देऊ नका. बारा वर्षं एचआरमध्ये आहे म्हणून सांगतो.
ईएसआयची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, जुलै २०१८ पासनं. बेकार झालेल्या कामगाराला सरासरी मजुरीच्या निम्मे, जास्तीत जास्त ९० दिवस, तेही आयुष्यात एकदाच. त्याच्या आधीची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना २००५ ची, ती कारखाना बंद पडला, कपातीत काढलं किंवा कायमचं अपंगत्व आलं तर. म्हणजे दोन्हीकडं नोकरी गेलेली पाहिजे. राजीनामा दिला की स्वतःहून सोडली असंच धरतात. हात कुणी मोडला, हे तिथं कुणी विचारत नाही. ग्रॅच्युइटी पण नाही, त्याला पाच वर्षं लागतात. पीएफ मिळेल, पण ते तिचेच पैसे.
पण तिचा हात मोडलाय ना? मग ती आजारी रजेवर आहे, काम सोडलेली नाही! ईएसआयचा आजारपणाचा लाभ मजुरीच्या ७० टक्के मिळतो, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, फक्त त्याआधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे, ती तिची असणारच. सीपीआरचे कागद घेऊन ईएसआयच्या दवाखान्यात जा, तिथल्या डॉक्टरचा दाखला लागतो. आणि हा लाभ चालू असताना कंपनी कामगाराला काढू शकत नाही असं १९४८ च्या ईएसआय कायद्याच्या कलम ७३ मध्ये होतं; नोव्हेंबर २०२५ पासनं त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आलीय, तेव्हा आता काय नियम आहे ते ईएसआयच्या ऑफिसात विचारून घ्या. व्हॉट्सअॅपवर आजच दुसरा मेसेज टाका, मी राजीनामा दिलेला नाही, हात फ्रॅक्चर आहे, दाखला पाठवते. स्क्रीनशॉट ठेवा.

करवीर_७७
माझं मत विचाराल तर आधी दोन्हीकडची चार माणसं बसवून मिटतंय का बघा. पोराचा विचार करावा. कंपनीत सगळं सांगितलं की बदनामी बाईचीच होते.

इचलकरंजीची_सून
करवीर दादा, चार माणसं माझ्या घरात पाच वेळा बसली होती. दरवेळी चहापाणी झालं, त्यानं पाया पडून माफी मागितली, आणि माणसं कोपऱ्यावरनं वळायच्या आत दार लावून घेतलं. पोराचा विचार म्हणून मी आठ वर्षं राहिले आणि पोरगं झोपेत दचकायला लागलं. तेव्हा कृपा करून हा सल्ला हिला देऊ नका.
ताई, मी गारमेंटला शिलाईवर होते. मी काम सोडलं आणि तिथंच चुकलं. काम गेलं की पैसा गेला, पैसा गेला की चार महिन्यात परत त्याच दारात. बाईला परत घेऊन येणारी गोष्ट ती हीच, प्रेम बीम नव्हे. दुसऱ्यांदा निघाले तेव्हा काम धरून ठेवलं, मालकीणबाईंना खरं सांगितलं, त्यांनी माझी शिफ्ट बदलली आणि मागच्या दारानं सोडायला लागल्या. एवढ्यानं वाचले.
आणि एक, एटीएम कार्ड कुणाकडं आहे? माझं त्याच्याकडं होतं, पगार झाला की त्याच संध्याकाळी खातं रिकामं. नवीन खातं काढा, फक्त तिच्या नावाचं, आणि ईएसआयला नि कंपनीला तोच नंबर द्या, नाहीतर रजेचे पैसे पण त्याच्याच खिशात जातील. फोनचा पिन बदला.

राजारामपुरीकर_ताई
कार्ड त्याच्याकडंच आहे. हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच बँकेत जातो आम्ही.

बावडा_कोर्ट_वकील
एचआर साहेबांनी बरोबर सांगितलं. सरकारकडनं या कारणासाठी बेकारभत्ता नाही, पण बुडालेली कमाई नवऱ्याकडनं मागता येते आणि हे बऱ्याच बायकांना कुणी सांगतच नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५, कलम २०. त्यात औषधपाणी, तिची आणि मुलाची पोटगी आणि कमाईचं नुकसान, तिन्ही आहे. नवरा नोकरीला असेल तर त्याच्या मालकानं पगारातनं परस्पर तिला द्यावेत असा हुकूमही मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. कार्ड काढून घेणं हाही त्याच कायद्यात छळच आहे, आर्थिक छळ.
गेटवर उभं राहण्याचं उत्तर कलम १८ मध्ये आहे. तिच्या कामाच्या ठिकाणी त्यानं यायचं नाही असा मनाई हुकूम मिळतो, तातडीचं असेल तर कलम २३ खाली त्याचं ऐकायच्या आधीही मिळतो. मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या हुकुमाची प्रत कंपनीत दिली की सिक्युरिटीवाला हातावर हात धरून बसू शकत नाही. अर्ज कोल्हापुरात किंवा गडहिंग्लजला, ती जिथं राहते तिथं चालतो, तात्पुरती राहत असली तरी. याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडं गेलं की तेच घटनेचा अहवाल करून कोर्टात पाठवतात.
जिन्यावरनं पडले हे कागदावर आलंय म्हणून खचू नका, कोर्टाला ही गोष्ट नवीन नाही. आता पुन्हा दाखवायला जाताना एकटीनं जाऊन डॉक्टरांना खरं सांगू दे आणि लिहून घ्यायला सांगा. वकिलाचा खर्च नको, बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, कसबा बावड्यात जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडं जा किंवा १५१०० ला फोन लावा. रात्री बेरात्री तो दारात आला तर ११२, आणि १८१ ही महिला हेल्पलाइन.
आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ साली स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला होता. त्या गावात सुपरवायझर घरचं घरात मिटवा म्हणतो याचं फार वाईट वाटतं.

उजळाईवाडी_ते_कॅलिफोर्निया
इकडचं सांगतो, तुलना म्हणून. इथं बेकारी विम्याचा साधा नियम असा की स्वतःहून सोडली तर भत्ता नाही, पण योग्य कारण असेल तर आहे, आणि स्वतःला किंवा पोरांना घरातल्या हिंसेपासनं वाचवायला सोडली हे कॅलिफोर्नियात कायद्यानंच योग्य कारण धरलंय. आठवड्याला जास्तीत जास्त ४५० डॉलर, २६ आठवड्यांपर्यंत. त्या दाव्याचा बोजा कंपनीच्या खात्यावर टाकत नाहीत म्हणून कंपनीलाही अडवायचं कारण उरत नाही. अमेरिकेत हे राज्याराज्यात वेगळं आहे, २००९ च्या केंद्राच्या कायद्यानं जी राज्यं असे नियम करतील त्यांना जादा पैसे ठेवले होते. स्पेनमध्ये २००४ च्या कायद्यापासनं अशा बाईनं स्वतः काम सोडलं तरी तिला बेकार धरून भत्ता देतात. म्हणजे करता येतं, एका ओळीचा बदल आहे.

शिरोली_एचआर
त्याच ओळीबद्दल बोलायचं होतं. आपल्या पीएफच्या १९५२ च्या योजनेत लग्नासाठी नोकरी सोडणाऱ्या बाईला पैशासाठी दोन महिने थांबायला लावू नये अशी खास सूट घातलेली होती. लग्न करायला सोडली तर कायद्याला कारण कळतं, त्याच लग्नात मार खाऊन सोडली तर कळत नाही. २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या छळाच्या कायद्यात तक्रारदार बाईला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते, पण घरातल्या माराला एक दिवस नाही. माझ्या टेबलावर असले राजीनामे आलेत, सगळ्यांवर एकच शब्द, घरगुती कारण, आणि मी ते फायलीला लावलेत. आता तसं करत नाही, आधी बसवून विचारतो.

राजारामपुरीकर_ताई
अपडेट देते. सोमवारी मी सोबत गेले, सही केली नाही. ईएसआयचा दाखला दिला, पोच घेतली. एचआरच्या मॅडम चांगल्या निघाल्या, त्यांना सुपरवायझर काय बोलला हे माहीतच नव्हतं. ईएसआयच्या डॉक्टरांना तिनं सगळं खरं सांगितलं, सांगताना रडली पण सांगितलं. नवीन खातं झालं. संरक्षण अधिकाऱ्यांकडं अर्ज लिहून झाला, कमाईच्या नुकसानीचा आकडा पगाराच्या स्लिपा लावून टाकलाय.
एकच अडलंय, पोरगं दुसरीत आहे आणि शाळेचा दाखला आणायला गेलं तर नवऱ्याला पत्ता कळेल. दाखल्याशिवाय गडहिंग्लजला बसवून घेतील का?

इचलकरंजीची_सून
घेतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे, दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी नि अनुदानित शाळेत प्रवेश अडवता येत नाही. माझ्या पोराला तसंच बसवलं होतं. हेडमास्तरांना एकट्यात गाठून सांगा, आणि शाळेतनं पोराला कोण नेणार त्यांची नावं लिहून द्या.