हार्मोनियम येते, पण गिटारवर 'मेजर थर्ड' शोधताना गोंधळ होतो

नाशिकरोडकर
हार्मोनियमवर सरगम आणि अलंकार पक्के आहेत. कॉलेज रोडच्या क्लासमध्ये गिटार सुरू केली आहे. तिथे स्वरांमधल्या अंतरांसाठी मेजर थर्ड, परफेक्ट फिफ्थ असे शब्द येतात. तीन अडचणी आहेत.
पाचव्या आणि चौथ्या तारेवर (सगळ्यात बारीक ती पहिली, सगळ्यात जाड ती सहावी) 'थर्ड'चा जो आकार शिकवला, तोच तिसऱ्या-दुसऱ्या तारेवर धरला की बेसूर वाजतो. असं का?
'थर्ड' म्हणजे तीन फ्रेट (गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या पट्ट्या) पुढे, असं धरलं तर चुकतं. मग मोजायचं कसं?
दुसरी तार कानाने गोड लावली की ट्यूनर अ‍ॅप ती उतरलेली दाखवतं. कान बरोबर की अ‍ॅप?

पांढरी पाच
आधी मोजणी, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे.
'थर्ड'मधला तीन हा आकडा फ्रेटचा नाही, सरगमच्या अक्षराचा आहे. सा पहिला, रे दुसरा, ग तिसरा. थर्ड म्हणजे ग, फोर्थ म्हणजे म, फिफ्थ म्हणजे प. इथे सुरुवातीचा सा धरूनच मोजतात. फ्रेट मोजताना मात्र सा शून्यावर ठेवायचा.
कोमल रे 1, शुद्ध रे 2, कोमल ग 3, शुद्ध ग 4, शुद्ध म 5, तीव्र म 6, प 7, कोमल ध 8, शुद्ध ध 9, कोमल नी 10, शुद्ध नी 11, तार सा (वरच्या सप्तकातला सा, म्हणजे सां) 12. ग आणि म यांच्यात एकच फ्रेट, तसंच नी आणि सां यांच्यात. हे तुमच्या बोटांना पेटीवरून ठाऊक आहेच.
रे, ग, ध, नी शुद्ध असले तर मेजर, कोमल असले तर मायनर. शुद्ध म, प आणि वरचा सा यांना परफेक्ट म्हणतात. तीव्र म म्हणजे ट्रायटोन. एवढ्यावर निम्मी थिअरी तुम्हाला आधीच येते, फक्त नावं नवी आहेत.
हे आधी एकाच तारेवर करा. पाचवी तार मोकळी (फ्रेट न दाबता) म्हणजे सा धरा आणि 2, 4, 5, 7, 9, 11, 12 या फ्रेटवर सरगम वाजवा, तोंडाने म्हणत. दोन तारांवरचे आकार त्यानंतर.

तार सप्तक
आकार का मोडतो ते सांगतो. मोकळ्या तारा जाडीकडून बारकीकडे अशा आहेत (पांढरी, काळी म्हणजे पेटीच्या पट्ट्या): पांढरी 3, पांढरी 6, पांढरी 2, पांढरी 5, पांढरी 7, पांढरी 3. शेजारच्या दोन तारांत सगळीकडे 5 फ्रेटचं अंतर आहे, म्हणजे षड्ज-मध्यम. फक्त तिसरी आणि दुसरी यांच्यात 4 आहे. ट्यूनिंग करताना सगळीकडे पाचवा फ्रेट दाबतात आणि तिसऱ्या तारेवर तेवढा चौथा, त्याचं कारणही हेच.
म्हणून इतर जोड्यांवर सा वरून पुढच्या बारीक तारेवर त्याच फ्रेटला म, एक मागे शुद्ध ग, दोन मागे कोमल ग, दोन पुढे प. तिसऱ्या-दुसऱ्या जोडीवर सगळं एक फ्रेट पुढे सरकतं: त्याच फ्रेटला शुद्ध ग, एक पुढे म, तीन पुढे प.
तार सा शोधताना एक तार सोडून सहावी-चौथी आणि पाचवी-तिसरी यांवर दोन फ्रेट पुढे जा. चौथी-दुसरी आणि तिसरी-पहिली यांवर तीन पुढे.
कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीवर, पडताळा घ्या. ए (पांढरी 6) मेजरमध्ये पाचवी मोकळी सा, चौथीचा दुसरा फ्रेट प, तिसरीचा दुसरा सां, दुसरीचा दुसरा शुद्ध गं. आता दुसऱ्या तारेवरचा स्वर पहिल्या फ्रेटला आणा: गंधार कोमल झाला, कॉर्ड ए मायनर. मेजर आणि मायनर यांतला फरक कानात बसवायला याहून सोपं उदाहरण नाही. दिवसातून पाच मिनिटं हेच करा, आणि दर वेळी तो ग गळ्यातून काढा.

इंदिरानगर
तिसऱ्या प्रश्नात कानही बरोबर आहे आणि अ‍ॅपही. तंबोऱ्यात ऐकू येणारा शुद्ध गंधार सा पासून 386 सेंटवर असतो, गिटारच्या फ्रेटचा 400 वर. एक फ्रेट म्हणजे 100 सेंट. म्हणून मोकळ्या तिसऱ्या तारेशी दुसरी तार अगदी गोड जुळवली की ती 14 सेंट उतरते.
त्याची किंमत पुढच्या कॉर्डला मोजावी लागते. सी (पांढरी 1) कॉर्डमध्ये याच तारेचा पहिला फ्रेट तार सा असतो. तो 14 सेंट उतरलेला राहतो आणि पाचव्या तारेच्या सा शी लाटा मारतो, म्हणजे आवाज थरथरतो. ई कॉर्डमध्ये हीच मोकळी तार पंचम असते, तीही घसरलेली. फ्रेटच्या पंचमात मात्र फरक जेमतेम 2 सेंटचा आहे, म्हणून तो कानाला खटकत नाही.
तेव्हा दुसरी तार अ‍ॅपवरच लावा. आणि पहाटेच्या गारठ्यात लगेच लावू नका. थंडीत तारा आकसून स्वर चढतो, वाजवायला लागलं की बोटांच्या उबेने उतरतो. दहा मिनिटं वाजवून मग लावा.
तरीही वरच्या फ्रेटवर बेसूर वाटलं तर बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर जुळतो का पाहा. दाबलेला चढा निघाला तर आधी तारा बदलून पाहा, मग तारांची उंची तपासून घ्या.

नाशिकरोडकर
आकार जुळले, सी कॉर्डही तपासली: सा ग प सां गं. पण गाण्याचा सा पांढरी 1 असताना जी (पांढरी 5) कॉर्ड आली, तर तिचा सा कोणता?

तार सप्तक
तिथे दोन मोजण्या चालतात, त्या एकमेकींत मिसळू नका. कॉर्ड स्वतःच्या मूळ स्वरापासून सा ग प आहे, म्हणून ती मेजर. गाण्याच्या सा पासून तेच स्वर प, नी, रें. कॉर्ड कशी बांधली आहे हे पहिली मोजणी सांगते, गाण्यात ती कुठे ओढते हे दुसरी. जी नंतर सी यावीशी वाटते, त्यात त्या शुद्ध नीचा मोठा वाटा आहे: सां अवघा एक फ्रेट दूर असतो.

पांढरी पाच
भजनाला किंवा भावगीताला साथ करणार असाल तर हीच मोजणी कॅपोला (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) लावा. गायकाचा सा काळी 1 असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि सी चे आकार. काळी 4 असेल तर पहिल्याच फ्रेटवर कॅपो, पण आकार जी चे. काळी 5 ला आकार ए चे. कॅपो फ्रेटच्या अगदी मागे चिकटून बसवा; मध्ये बसला तर तारा ताणून स्वर चढतात आणि पेटीशी जुळत नाहीत.